हौदातलं शेवाळ आणि अण्णाकाकांचं दुसरं लग्न

आमच्या कल्याणच्या घरात लोणच्याला बुरशी आली की तिचं खापर फोडायला एक डोकं कायमचं राखून ठेवलेलं होतं, ते माझ्या काकूचं. पावसाळ्यात बरणीचं फडकं सोडायचं, वर पांढरी लव दिसली की आत्याबाईंनी नाकाला पदर लावायचा आणि स्वयंपाकघराकडे न बघता म्हणायचं, "आली वाटतं कुणाची तरी सावली." त्या घरात सावल्या आम्हा सगळ्यांनाच होत्या, पण लोणचं नासवण्याइतकी कर्तबगार सावली एकट्या काकूचीच. कारण काय, तर तिला मूल नव्हतं. ज्या बाईच्या पोटी काही रुजत नाही तिच्यामुळे बरणीत मात्र नको ते भराभरा रुजतं, हे शास्त्र आत्याबाईंनी कुठे वाचलं देव जाणे, त्यांना तर वाचताही येत नव्हतं. आता या वयात मला कळतं की न वाचता येणारी शास्त्रंच माणसाला जास्त पाठ असतात.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आल्या आणि आल्या त्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावूनच. बाबा कचेरीत कारकून, सकाळी भात जेवून ठाण्याच्या गाडीला जायचे, संध्याकाळी परत यायचे. मधल्या वेळात घरात काय घडतं याची चौकशी न करणं याला ते शांत स्वभाव म्हणत. आई धाकट्या भावंडांच्या लंगोटांत बुडालेली. आणि बाबांचे धाकटे भाऊ अण्णाकाका, काकूचे यजमान, शाळेत पोरांना सृष्टिज्ञान शिकवत. मुंबईला डॉक्टरी शिकायला गेले होते, ती अर्धी टाकून आले. येताना विद्या अर्धी आणली, पण एक पितळी नळी पुरती आणली. तिच्याखाली छोटा आरसा, बाजूला मळसूत्र, वर डोळा लावायची काच. सूक्ष्मदर्शक यंत्र हे तिचं नाव काकाच घेत, आम्ही सगळे नळीच म्हणत असू. तिच्या पेटीला आतून कातडं लावलेलं होतं, म्हणून ती माजघराचा उंबरा ओलांडू शकत नसे. ती पडवीत राही, आणि तिला हात लावला की आंघोळ. थंडीच्या दिवसांत मी विज्ञानापासून दूर राही, त्याचं कारण एवढंच.

त्या घराचे आवाज अजून माझ्या कानांत आहेत. पहाटे रहाटाची कुरकूर, मग परसातल्या दगडी हौदात पडणाऱ्या पाण्याचा धबधबा, मग आत्याबाईंचं स्तोत्र, ज्यात देवाच्या नावांच्या अधेमधे "दूध उतू जातंय", "कोण ते चुलीपाशी" असे मंत्र येत. श्रावणात वालाच्या बिरड्याचा वास, नारळाच्या दुधातला, आणि सोमवारी संध्याकाळी काकूच्या वेगळ्या चुलीवर भाजल्या जाणाऱ्या कणकेचा. कारण त्या वर्षी काकूने सोळा सोमवार धरले होते. त्याआधी पिंपळाला प्रदक्षिणा झाल्या होत्या, त्याआधी कुठल्याशा बोवांचा अंगारा झाला होता. काकू दिसायला गोरी, हाडापेरानं चांगली, पण त्या उपासांनी तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. मला ती फार आवडे. माझ्या वेण्या तीच घालायची, आणि घालताना केस ओढायची नाही, जे आमच्या घरात दुसऱ्या कुणाला जमत नसे.

त्याच श्रावणात आंब्याच्या लोणच्याची मोठी बरणी बुरसली. आत्याबाईंनी सावलीचा विषय काढला, तेव्हा अण्णाकाका जेवता जेवता उठले, बोटभर बुरशी केळीच्या पानावर घेतली आणि पडवीत गेले. मला हाक मारली. मी डोळा लावला तर आत एक भलंमोठं रान. पांढरे दोरे आणि प्रत्येकाच्या टोकाला काळी गोंडेदार टोपी. काका म्हणाले, "ठमे, त्या टोपीत धुळीसारखे बीजकण असतात. टोपी फुटली की ते वाऱ्यावर उडतात, जिथे ओल आणि खायला मिळेल तिथे रुजतात. या घरात, त्या घरात, मामलेदाराच्या घरातसुद्धा. त्याला सावली लागत नाही. मीठ कमी पडलं की झालं." मीठ घालायचं काम आत्याबाईंचं. त्या वर्षी मीठ महाग झालं म्हणून त्यांनी हात आखडला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही बोललं नाही. मी मात्र विचारलं, "मग यांची लग्नं होत नाहीत?" काका म्हणाले, "नाही झाली तरी यांचं अडत नाही, नुसती धूळ उडवून वंश वाढतो. पण काही जातींत कधी कधी दोन दोरे एकमेकांकडे वाढत येतात, टोकाला टोक लागतं, आणि दोघांचं मिळून एक जाड कवचाचं बी होतं." आत्याबाईंनी आतून एवढंच ऐकलं की बुरशीला लग्नावाचून पोरं होतात. त्या दिवसापासून लोणच्याची बरणी त्यांनी देवघराच्या बाजूच्या फडताळातून हलवली, अशा चालीचं काही देवाजवळ नको म्हणून.

सोळा सोमवार पुरे झाले, उद्यापन झालं, आणि व्हायचं ते काही झालं नाही. माघ लागताच आत्याबाईंनी काकांच्या दुसऱ्या लग्नाचं मनावर घेतलं. मुलगी शोधायला फार लांब जावं लागलं नाही. आमचे उपाध्ये विनायकभट, दोन घरं सोडून राहायचे, त्यांना एकीवर एक अशा पाच मुली. त्यातली थोरली मथू, माझ्या बरोबरीची, म्हणजे सागरगोटे खेळताना माझ्याशी हमखास भांडणारी. ती माझी काकू होणार आणि काकू तिची सवत होणार, हे मला आत्याबाईंनी गुळाचा खडा हातावर ठेवून सांगितलं. मी मथूला जाऊन विचारलं तर तिने सागरगोटे झेलता झेलता सांगितलं, "बाबा म्हणतात तुमच्याकडे दोन वेळा भात असतो." तिच्या मते एवढं पुरेसं होतं. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. काकूने त्या दिवसांत काय केलं, तर तांदूळ निवडले, पापड लाटले, मथूसाठी बांगड्यांचं माप आणायला मलाच पाठवलं. बोलली काही नाही. आमच्या घरात बायकांनी न बोलण्याला सोसणं म्हणत आणि पुरुषांनी न बोलण्याला विचार करणं म्हणत.

फाल्गुनात एका सकाळी बोलणी पक्की करायला विनायकभट आले. बाबांनी कचेरीला सुटी टाकली होती, यावरून प्रसंगाचं वजन लक्षात यावं. पडवीत जाजम, पानाचं तबक, दाराआड आई आणि काकू, उंबऱ्यावर आत्याबाई. अण्णाकाका म्हणाले, "बोलण्याआधी मला एक दाखवायचं आहे." आणि त्यांनी नळी खिडकीपाशी उजेडात मांडली. शेजारी वाटीत आमच्याच हौदातलं शेवाळ, केसांच्या गुंत्यासारखं हिरवंगार. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, शुभ कार्याला बसलोय, ती घाण कशाला?" काका म्हणाले, "अक्का, लग्नाचंच दाखवतोय." लग्न म्हटल्यावर भटजींना नाही म्हणता येईना, तो त्यांचा धंदाच.

माझे काका वर्गात कसे शिकवत मला माहीत नाही, पण त्या दिवशी त्यांनी चांगलं समजावलं. म्हणाले, या शेवाळाचा प्रत्येक धागा म्हणजे एकाला एक लागून असलेल्या खोल्यांची चाळ. प्रत्येक खोलीत हिरवी फीत गुंडाळलेली. हौदाचं पाणी उतरायला लागलं की दोन धागे शेजारी शेजारी येतात, समोरासमोरच्या खोल्यांना फुगवटे येतात, ते भिडतात, मधली भिंत विरघळते, आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे पूल तयार होतात. मग एका धाग्यातलं सगळं सत्त्व त्या पुलावरून पलीकडे जातं. अलीकडची खोली रिकामी होते. पलीकडे दोघांचं मिळून एक लांबट गोल बी तयार होतं, जाड सालीचं, हौद आटला तरी न मरणारं, पुन्हा पाणी आलं की उगवणारं. विनायकभटांनी आधी नळीला लावलेला डोळा मिटला आणि दुसरा उघडा ठेवला, मग चूक सुधारली. बराच वेळ बघून त्यांनी विचारलं, "यांचं गोत्र काय?" काका म्हणाले, "एकाच हौदातले आहेत." भटजींनी मान मागे घेतली. "म्हणजे सगोत्र. आणि याच हौदाचं पाणी तुम्ही देवाला घालता?" बाबांनी हळूच सांगितलं की देवाचं पाणी थेट विहिरीतून येतं, तेव्हा कुठे भटजींचा जीव भांड्यात पडला.

"यातला नवरा कुठला?" हा आत्याबाईंचा प्रश्न. काका म्हणाले, "जो आपलं घर सोडून दुसऱ्याच्या घरी जातो, तो नवरा समजतात." आत्याबाईंनी तोंड वाकडं केलं. "घरजावई म्हण की." शेवाळाच्या अब्रूची त्यांना तेवढ्यापुरती पूर्ण कल्पना आली. काका मात्र थांबले नाहीत. त्यांनी काच जराशी सरकवली आणि म्हणाले, "आता हे बघा. इथे पूल झाला आहे, भिंत विरली आहे, पलीकडची खोली भरलेली आहे, तयार आहे. पण अलीकडून काही गेलंच नाही. अलीकडे जाण्यासारखं काही नव्हतं. म्हणून बी धरलं नाही. पलीकडच्या खोलीचा यात काय दोष?" असं म्हणताना त्यांचा आवाज बसला. माझ्या लक्षात आलं की हे शेवाळाबद्दल चाललेलं नाही. पण ते एकट्या माझ्याच लक्षात आलं, मोठी माणसं अनुभवी असतात, त्यांना नुसतं शेवाळ दिसलं. विनायकभटांनी पुन्हा डोळा लावला, काच आपल्या बोटाने थोडी ढकलली, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अण्णा, इथे मधल्या एका धाग्याला दोन्ही बाजूंनी पूल आहेत. एकाला दोन."

आणि खरंच होतं तसं. मीही पाहिलं. मधला धागा डावीकडेही गेला होता आणि उजवीकडेही, आणि दोन्हीकडे बिया धरल्या होत्या. आत्याबाई उठून आल्या, सोवळं सांभाळत वाकल्या, त्यांनीही पाहिलं. आंघोळीची पर्वा न करता त्यांनी विज्ञानाला हात लावला तो एवढाच एक दिवस. "बघ," त्या म्हणाल्या, "एवढंसं शेवाळ, त्यालासुद्धा कळतं वंश बुडू देऊ नये. आणि तू शिकलेला." गाढवापुढे वाचली गीता हे ठीक, पण इथे गाढवाने गीतेतला श्लोक काढून परत वाचणाऱ्यालाच लावून दाखवला होता. भटजींनी पानाला चुना लावायला घेतला. मुहूर्त चैत्रातला की वैशाखातला, एवढंच आता उरलं होतं.

इथे एक रीत सांगायला हवी, कारण आताच्या सुना ऐकून हसतील. तेव्हा वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलायचं नसे. काही विचारायचंच झालं तर मध्ये घरातलं मूल घालायचं. "बाळ, विचार त्यांना, भाकरी वाढू का?" "बाळ, सांग तिला, नको." दोघं हाताच्या अंतरावर, दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतंय, तरी निरोप मुलाने पोचवायचा. आमच्या घरातलं ते मूल म्हणजे मी. इतकी वर्षं मी भाकरीचे आणि ताकाचे निरोप पोचवले होते. त्या दिवशी दाराआडून काकूचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "ठमे, विचार गो त्यांना, रिकामी खोली कुठली ते त्यांना कळलं केव्हा?"

पडवीत सगळे ऐकत होते, पण रीत ती रीत. मी वळले आणि काकांना विचारलं, "काका, काकू विचारते, रिकामी खोली कुठली ते तुम्हाला कळलं केव्हा?" काकांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "सांग तिला, गणपती झाल्यावर. मुंबईला माझ्या जुन्या गुरूंकडे गेलो होतो तेव्हा. त्यांच्या नळीखाली." कशाची परीक्षा केली, कशी केली, हे मला तेव्हा समजलं नाही. माझं लग्न झाल्यावर समजलं, आणि मी चांगल्या घरातली असल्यामुळे लिहिणार नाही. मी वळून काकूला सांगितलं, "गणपती झाल्यावर." मग काकू म्हणाली, "विचार त्यांना, तेव्हा माझे सोमवार चालू होते की नव्हते?"

मला तो निरोप पोचवता आला नाही. काकूच्या बांगड्या, ती वेगळी चूल, संध्याकाळपर्यंत पाण्यावर राहून सगळ्यांना वाढणं, हे मी रोज पाहिलं होतं, आणि समोर बसलेल्या माणसाने सगळं ठाऊक असून ते पाहिलं होतं. मला काकांचा इतका राग आला की ती नळी उचलून विहिरीत टाकावी असं वाटलं. पण काका उठले, दाराशी गेले, आणि मला बाजूला सारून, थोरल्या भावासमोर, बहिणीसमोर, उपाध्यांसमोर, थेट बायकोशी बोलले. "चालू होते," ते म्हणाले. "मी तुला थांबवायला हवं होतं. मला लाज वाटली. दोष माझ्यात आहे, तुझ्यात काही नाही. मी दुसरं लग्न करणार नाही. दहा केली तरी हेच होईल."

माणसं अशा वेळी काय म्हणतात ते पाहण्यासारखं असतं. बाबांनी घड्याळ पाहिलं. विनायकभट म्हणाले, "तरीही माझी हरकत नाही. पोर उजवली जाईल." पाच मुलींचा बाप होता बिचारा, त्याला मी आज हसते तेव्हाही पुरतं हसू येत नाही. बाबांनी मात्र तेव्हा आयुष्यातलं पहिलं आणि बहुधा शेवटचं ठाम वाक्य उच्चारलं, "भटजी, हा विषय संपला." मथू पुढल्या वर्षी भिवंडीला एका मास्तराला दिली. तिला अर्धा डझन मुलं झाली आणि भेटली की म्हणायची, "तुझ्या काकांकडे आले असते तर निदान झोप तरी मिळाली असती."

आत्याबाईंना भोवळ वगैरे काही आली नाही, तसला त्यांचा पिंड नव्हता. भटजी गेल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांना तुळशीपाशी उभं केलं आणि शपथ घातली की हे चार भिंतींबाहेर जाणार नाही. भटजींना वेगळी दक्षिणा आणि वेगळी शपथ. पुरुषाची अब्रू म्हणजे काय चेष्टा आहे. अण्णाकाकांनीही तुळशीवर हात ठेवला. काकूनेही ठेवला. मला वाटलं, आता सगळं बदललं. घरात बदललंही. लोणच्यात मीठ वेळेवर पडू लागलं, आणि बरणी बुरसली तरी सावलीचं नाव निघेना. काकूच्या अंगावर मांस चढलं. काका तिच्याशी सगळ्यांदेखत बोलू लागले आणि माझी निरोप्याची नोकरी सुटली. पण घराबाहेर काकू होती तीच राहिली, वांझ. शेजारची बाई बाळाला तीट लावून तिच्यापासून लपवी, आणि काकू ते न दिसल्यासारखं करी.

मी सासरी ठाण्याला गेले, आणि पहिलटकरीण म्हणून डोहाळजेवणाला कल्याणला आले. माजघरात पाट मांडला, आळीतल्या लेकुरवाळ्या सवाष्णी जमल्या. मी आत्याबाईंना म्हटलं, "पहिली ओटी काकू भरेल." आत्याबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तिच्या हातची ओटी गर्भार बाईला चालत नाही." मी म्हटलं, "आत्याबाई, तिच्यात दोष नाही, तुम्हाला तर ठाऊक आहे." त्या म्हणाल्या, "मला ठाऊक आहे गो. लोकांना ठाऊक नाही." हे शेवटचं त्या जरा मोठ्यानेच बोलल्या असाव्यात, कारण पडवीत बसलेल्या अण्णाकाकांनी मान वर केली. त्यांनी आत बायकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते त्यांनी पूर्वी एकदा बोललेलंही होतं. मग ते उठले, पगडी घातली, शाळेत काम आहे म्हणाले आणि निघून गेले. तो रविवार होता.

बायकांनी माझी ओटी भरली, गाणी म्हटली, मला हिरवी साडी नेसवली, चांगली दिसत असेन. सगळ्या पानं मांडायला वळल्या तेव्हा मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले. काकू चुलीपाशी करंज्या तळत होती. मी तिच्यासमोर पदर पसरून उभी राहिले. ती म्हणाली, "अगो, वेडी का काय तू, बाहेर सगळ्या बसल्यात." मी म्हटलं, "बसू देत." तिने कढई खाली उतरवली. हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. डब्यातून ओंजळभर तांदूळ घेतले, फडताळातला नारळ घेतला, आणि माझ्या पदरात घातले. निम्मे तांदूळ जमिनीवर सांडले. दारात आत्याबाई येऊन उभ्या होत्या. बाहेरच्या ओटीतले तांदूळ मी सासरी वाटून टाकले. काकूने भरलेल्या मूठभर तांदळांची मी खीर केली आणि चुलीपाशी बसून एकटीने खाल्ली, कुणाला एक घास दिला नाही.